चिखलाचा फ्रीज

आमच्या घरात दोन फ्रीज आहेत. एक दुधा-भाजीचा आणि दुसरा चिखलाचा. म्हणजे आता त्यात चिखल नाही, पण घरात त्याचं नाव तेच राहिलंय. पाव्हणेरावळे आले आणि बायको आतून ओरडली, "अहो, चिखलाच्या फ्रीजमधून दही आणा," की पाव्हणे एकमेकांकडे बघतात. मग मला पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. तेच इथं सांगतो.

मी वरणगावच्या फॅक्टरीत चौतीस वर्षं फिटर होतो. निवृत्त झाल्यावर जळगावला मेहरूणमध्ये घर बांधलं आणि वरची खोली भाड्याने काढली. बायकोची अट एकच होती, भाडेकरू शांत हवा. एक दिवस हे गृहस्थ आले. पन्नाशी उलटलेली, पायात चपला, पँटच्या दोन्ही पायांना गुडघ्यापर्यंत वाळलेला गाळ. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतो म्हणाले. मी म्हटलं, सामान किती? तर म्हणाले, "कपडे एक पेटी, पुस्तकं चार पेट्या, माती अकरा पेट्या."

मला वाटलं कुंड्या असतील. माणूस झाडाफुलांचा शौकीन दिसतो, म्हणून हो म्हणून बसलो.

कुंड्या कुठल्या! सर तळ्यांच्या तळाचा गाळ गोळा करत. खानदेशातलं जे तळं दिसेल त्यात उतरायचं आणि खालची माती डब्यात भरून आणायची. दर पावसाळ्यात तळ्यात एक थर बसतो, म्हणे. जोराचा पाऊस झाला तर जाड रेताड थर, पाऊस हुकला तर पातळ, आणि तळं पार आटलं तर पांढरी चुनखडीची रेघ. असे शेकडो वर्षांचे थर एकावर एक बसलेले असतात. त्यावरून कुठल्या काळात पाऊस कसा पडला ते काढायचं, हा त्यांचा धंदा. त्यांनी पहिल्याच दिवशी मला हे उभ्या-उभ्या तासभर समजावलं. मी "असं होय" म्हणून खाली आलो आणि बायकोला सांगितलं, डोक्याचा भाग थोडा सैल आहे, पण भाडं आगाऊ दिलंय.

माती गार ठेवावी लागते, नाहीतर तिला बुरशी येते. म्हणून सरांनी विचारलं, "अक्का, तुमच्या फ्रीजमध्ये दोन डबे ठेवू का?" बायको भोळी, ठेवा म्हणाली. महिन्याभराने मी शेवभाजीची फर्माईश केली. बायकोने कढईत तेल तापवलं, फ्रीजमधून काळ्या मसाल्याचा डबा काढला आणि दोन चमचे घातले. आता आमचा खानदेशी काळा मसाला आणि पहूरकडच्या तळ्याचा गाळ रंगाला सारखेच, त्यात तिचा तरी काय दोष? कढईतून जो वास सुटला तो मी आयुष्यात विसरणार नाही. म्हशी डुंबून गेलेल्या डबक्याला फोडणी दिल्यासारखा. तेवढ्यात वरून सर धावत खाली आले. आम्हाला वाटलं, आता हा माणूस भांडणार. त्यांनी कढईवर वाकून डोळे मिटून वास घेतला आणि म्हणाले, "अक्का, ही पहूरची. पण वरची नाही, खालच्या थराची."

त्याच आठवड्यात मी नवीन फ्रीज आणला आणि जुना सरांच्या खोलीत चढवला. बायकोने दोन दिवस अबोला धरला. सरांशी नाही, माझ्याशी.

सर मुळात साक्रीकडचे. एरवी बोलणं शुद्ध, प्राध्यापकाला शोभेल असं. पण मातीशी बोलायचे ते अहिराणीत. जिन्यातून जाताना ऐकू यायचं, "काय शे तुना पोटमा? सांग ना माले." मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं कोणी नातेवाईक आलंय, म्हणून चहाचे दोन कप घेऊन वर गेलो. खोलीत सर एकटेच, समोर ताटलीत मातीचा गोळा. माझ्या हातातले दोन कप बघून ते म्हणाले, "एक पुरे होता. ही घेत नाही."

आणि माती खायचे! खरोखर खायचे. चिमूटभर माती पुढच्या दातांखाली धरायची आणि हळूच चावायची. कचकच लागली तर बारीक रेती, लोण्यासारखी गेली तर चिकणमाती. बायकोने हे एकदा खिडकीतून पाहिलं. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी एक वाटी भाजी आणि दोन कळण्याच्या भाकरी वर जायला लागल्या. मी म्हटलं, अगं ते शास्त्रासाठी खातात. ती म्हणाली, "शास्त्र असो नाहीतर काही असो, बिचारा उपाशी आहे."

पावसाचा एवढा अभ्यास, पण स्वतःकडे छत्री नाही. भिजून यायचे आणि जिन्यात पाणी निथळत उभे राहायचे. गल्लीतल्या लोकांना वाटायचं, पावसाचे प्रोफेसर म्हणजे हवामान सांगत असतील. कोणी कापूसवाला विचारायचा, "सर, यंदा पाऊस कसा?" सर थांबून मनापासून विचारायचे, "कोणतं यंदा?" तो गडबडून म्हणायचा, "हेच की, आत्ताचं." सर म्हणायचे, "आत्ताचं अजून बसलंच नाही हो खाली. तीनशे वर्षांनी या." लोक हसायचे. सर विनोद करत नव्हते, हे फक्त मला माहीत.

त्यांचा आणखी एक हट्ट होता, आणि पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ तेच. दुसऱ्याचं काम ते कधी तपासत नसत. विद्यार्थी प्रयोगाची वही घेऊन यायचा. सर वही न उघडता विचारायचे, "बरोबर आहे का?" पोरगं म्हणायचं, "तुम्ही बघा ना सर." सर म्हणायचे, "मी कशाला? केलंय तू. बरोबर आहे असं तू म्हणालास की मी सही करतो." पोरं वही घेऊन पायरीवर बसायची, स्वतःच खोडायची, पुन्हा लिहायची. मला आधी वाटलं आळशी मास्तर आहे. मग लक्षात आलं, त्यांच्याकडे खोटं सांगणं फार अवघड होतं. कारण ते लगेच खरं मानायचे.

आता माझ्याबद्दल थोडं. माझा काप सरळ. फॅक्टरीत माझी ओळखच ती होती. हॅक्सॉने पाइप कापला की वर गुण्या ठेवायचा, गुण्या म्हणजे काटकोन बघायचं लोखंडी हत्यार. त्या काठातून उजेडाची तिरीप दिसता कामा नये. मी ही गोष्ट लग्नात, बारशात, एकदा तर दहाव्यालाही सांगितलेली आहे. माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ, पहूरला शेती करतो. कापूस आणि थोडी केळी. तो माझी टर उडवायला टपलेलाच असतो. "दाजी, तुमचा काप सरळ, पण बाकी सगळं तिरपागडं," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

ते पहूरकडचं तळं या मेव्हण्याच्याच शिवेला. सर तिथं बारा वर्षं हातगिरमिट घेऊन टोचत होते. हातगिरमिटाने माती वर येते, पण थर कालवले जातात. तरी एवढं कळलं होतं की साधारण दीड मीटर खाली पांढरी चुनखडी लागते. म्हणजे कधीकाळी ते तळं वर्षानुवर्षं आटलेलं होतं. त्याच्या आधी काय होतं आणि नंतर काय झालं, हे बघायला एक अखंड उभी नळी हवी होती. सर म्हणायचे, "भाऊ, एवढी एक नळी मिळाली की मी सुखाने निवृत्त होईन." निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं.

आणि मे महिन्यात मेव्हण्याचा फोन आला. गावाने तळ्याचा गाळ उपसायचं ठरवलंय. सोमवारी जेसीबी येणार, ज्याला पाहिजे त्याने ट्रॉल्या भरून शेतात टाकायचा. वर तो म्हणाला, "मी पंधरा ट्रॉल्यांचा नंबर लावलाय."

मी वर जाऊन सांगितलं. सर पांढरेफटक पडले. मला वाटलं, आता तहसीलदाराकडे जातील, अर्ज करतील. पण ते म्हणाले, "त्यांचं बरोबर आहे. गाळ शेताला सोन्यासारखा. पण भाऊ, रविवारी मला एक नळी काढून द्याल?"

नळी कसली? तर मेव्हण्याच्या खळ्यात तुषार सिंचनाचा जुना ॲल्युमिनियमचा पाइप पडला होता. तीन इंची, पातळ. मी त्याच्या एका टोकाला कानस मारून सुरीसारखी धार काढली आणि दुसऱ्या टोकाला बोल्टची दोन भोकं पाडली. रविवारी सकाळी आम्ही तळ्याच्या मधोमध. वर तडे गेलेली भेगाळ माती, हातभर खाली ओलसर काळी. लाकडाचा ठोकळा ठेवून घणाने पाइप ठोकत ठोकत तीन मीटर आत घातला. मग तिकाटणं उभं करून चेनपुलीने वर ओढायला सुरुवात केली.

तोवर निम्मं गाव काठावर जमलं होतं. प्रोफेसर सोनं काढतोय अशी बातमी फुटली होती. एक आबा काठी टेकत थेट सरांपाशी आले.

"सर, सोनं निघालं तर आम्हाले सांगजा. गावाचा हिस्सा असतो त्याच्यात."

"आबा, सोनं नाही. तुमच्या पणजोबांच्या पणजोबांवर पडलेला पाऊस आहे यात."

आबांनी विचार केला आणि म्हणाले, "तो त्यांनी तेव्हाच पिऊन टाकला असीन."

पाइप वर आला. काठोकाठ भरलेला, खालच्या धारेला चिखल घट्ट धरलेला. सरांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला म्हणाले, "आता मीटर-मीटरचे तीन तुकडे करा." मी म्हटलं, मीटरच का? तर म्हणाले, "फ्रीज तेवढाच आहे."

मी हॅक्सॉ काढला. ऊन मी म्हणत होतं. पाइप धरायला मेव्हणा. पहिला काप बरा गेला. दुसऱ्याच्या वेळी मेव्हण्याने तोंड उघडलं, "दाजी, सरळ जाई राह्यलं ना?" सगळं गाव हसलं. माझं डोकं फिरलं. मी दात-ओठ खात तो काप पूर्ण केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "गुण्या आण आणि बघ!" गुण्या अर्थातच घरी होता. सरांनी तिन्ही नळ्यांना टोपणं घातली, मार्करने आकडे टाकले आणि वर कुठलं हे दाखवणारे बाण काढले. दुसऱ्या दिवशी जेसीबी आला. चार दिवसांत तळ्याचा तळ खरवडून निघाला. ते सगळे थर आता मेव्हण्याच्या कपाशीत आहेत. पीक मात्र झकास आलं होतं, खोटं का बोला.

नळ्या आमच्या जुन्या फ्रीजमध्ये गेल्या. त्या उभ्या चिरायचं यंत्र दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेत, आणि तिथला नंबर श्रावणानंतरचा होता. सर रोज सकाळी फ्रीज उघडून नळ्यांना बघायचे आणि बंद करायचे.

मग श्रावण आला आणि कानबाई आली. घाटावरच्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात कानबाई बसते. नारळाची देवी, चौरंग, दागिने, रोटाचा नैवेद्य, सगळे भाऊबंद एका घरी. सोमवारी सकाळी देवी वाजतगाजत निघते. पण त्याच्या आधी घर धुवावं लागतं. धुवावं म्हणजे छपरापासून उंबऱ्यापर्यंत, गोधड्या, भांडी, डबे, कोनाडे. घरात जुना मळ राहिला तर देवी नाराज होते. त्या वर्षी कानबाई आमच्याकडे होती. शनिवारी सर कॉलेजात गेलेले. बायको म्हणाली, "वरचा फ्रीजपण पुसा. देवी येणार आणि घरात लडबडलेल्या नळ्या?"

मी फॅक्टरीतला माणूस. आमच्याकडे माल डिस्पॅच करताना त्यावर बोटाचा ठसासुद्धा चालत नसे. मी तिन्ही नळ्या काढल्या. बाहेरून वाळलेला चिखल, वर मार्करचे फराटे. टोपणं उपसून सोड्याच्या पाण्यात टाकली. रॉकेलचं फडकं घेतलं आणि नळ्या अशा पुसल्या की तोंड दिसावं. टोपणं परत घातली, उंचीने लावून ठेवल्या. आतल्या मातीला धक्का लावला नाही बरं का, तेवढी अक्कल होती.

दुपारी सर आले. फ्रीज उघडला. मी शाबासकी घ्यायला वर गेलो. सर फ्रीजसमोर खाली बसले होते.

"छान पुसल्यात, भाऊ," ते म्हणाले. "किती चकचकीत झाल्या."

आणि मग मला कळलं. वरच्या नळीला बोल्टची भोकं होती, ती ओळखू येत होती. खालच्या नळीला माझी धार होती, तीही ओळखू येत होती. पण मधली! तिला ना भोक ना धार. वरचं टोक कुठलं आणि खालचं कुठलं, काही सांगता येईना. आणि चुनखडीची रेघ नेमकी त्या मधल्या नळीत. एका बाजूने वाचली तर पाऊस घटत गेला आणि तळं आटलं. उलटी वाचली तर तळं आधी आटलेलं होतं, पाऊस मागून वाढला. बारा वर्षांचा प्रश्नच तो होता. आणि दुसरी नळी काढायला तळंच उरलं नव्हतं.

सरांनी टोपणं काढून दोन्ही टोकांची माती पाहिली, हुंगली, चावली. दोन्हीकडे सारखीच काळी. म्हणाले, "अंदाज बांधता येईल. पण मग मला जे हवंय तेच मी वाचेन." मग एकदम त्यांनी मान वर केली. "भाऊ, काप कसे आहेत हो? थोडेसुद्धा तिरके असतील तर टोकं एकमेकांना जुळवून बघता येतील. एकाच बाजूने बसतील."

आता बघा, इथं सरळ सांगायचं होतं की बघू या. पण माझ्या कानात मेव्हण्याचं हसणं घुमत होतं. मी ताडकन म्हणालो, "काप? चौतीस वर्षांत माझ्या कापाला कोणी नाव ठेवलं नाही सर! दोन्ही काटकोनात आहेत. कसंही लावा, बसणारच!"

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, तरी एकदा लावून बघतो. सर म्हणाले, "तुम्ही म्हणता म्हणजे असणारच." आणि नळ्या फ्रीजमध्ये ठेवून दार लावलं. एवढंच. मला वाटलं होतं चिडतील, घर सोडतो म्हणतील. चिडले असते तर बरं झालं असतं.

रविवारी सकाळी सर अंघोळीला गेले होते. मी वर गेलो, खिशात गुण्या. टेबलावर त्यांची वही उघडी होती. त्यांचा रिवाज असा की आधी सगळं मराठीत लिहायचं आणि मग इंग्रजी करायचं. वहीत लिहिलं होतं, "मधल्या नळीची दिशा निश्चित करता येत नाही. कापणाऱ्या कारागिराच्या सांगण्यानुसार दोन्ही काप काटकोनात आहेत. त्यामुळे या नळीतली माहिती वापरलेली नाही."

कारागिराच्या सांगण्यानुसार! माझं सांगणं आता छापून येणार होतं. मी फ्रीज उघडला, मधली नळी काढली, टोपणं उपसली आणि गुण्या लावला. उजेड दिसला. तिरीप नव्हे, चांगला उजेड. एक काप अर्धं सूत तिरका, दुसरा दीड सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. फॅक्टरीत एवढा तिरका पाइप नवशिक्याने कापला असता तर मी त्याच्या डोक्यात घातला असता.

मी गुण्या खिशात टाकला आणि खाली येऊन गप्प बसलो. लाज वाटते सांगायला, पण बसलो.

दुपारपर्यंत घर भरलं. कानबाई चौरंगावर, समोर रोट, आत पुरणाचा घाट. चाळीस-पन्नास भाऊबंद, त्यात पहूरहून मेव्हणा. तो ओसरीवर बसून सगळ्यांना तळ्याची गोष्ट रंगवून सांगत होता. घण कसा मारला, आबा काय म्हणाले, दाजींनी कसा कापला. तेवढ्यात सर दर्शनाला खाली आले. धुतलेला सदरा, कपाळाला बुक्का. कोणीतरी विचारलं, "काय सर, मग सोन्याचं काय झालं?"

सर हसले. म्हणाले, "दोन नळ्या आहेत. मधली गेली."

"गेली म्हणजे?"

"तिची दिशा हरवली. माझीच चूक. मार्करची खूण पुसली जाते, हे मला कळायला हवं होतं."

एवढं बोलून त्यांनी देवीला नमस्कार केला. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे मला समजलं. एवढ्या माणसांत ते माझं नाव घेणार नव्हते. आणि मी तिथं पाटावर बसून पुरणपोळी गिळत होतो. छे! हातातला घास ताटात ठेवला.

मी उठलो. म्हटलं, "सर, थांबा. खूण मी पुसली."

बायको आतून पदर खोचत बाहेर आली.

"आणि काप वाकडे आहेत," मी म्हणालो. "दोन्ही. एक अर्धं सूत, एक दीड सूत. सकाळी गुण्या लावून बघितलाय मी."

अठ्ठावीस वर्षं मेव्हणा या वाक्याची वाट बघत होता, आणि आता ते आलं तर तो उठून माझ्यासाठी पाणी आणायला गेला.

सरांनी फक्त विचारलं, "दोन्ही वेगवेगळे वाकडे?"

"वेगवेगळे."

अहो, पन्नाशी उलटलेला माणूस जिन्याच्या तीन-तीन पायऱ्या चढत वर गेला! नळ्या घेऊन खाली आला. कानबाईसमोरच्या मोकळ्या जागेत आम्ही सतरंजी टाकली. टोपणं काढली. वरच्या नळीचं टोक आणि मधलीचं एक टोक. मी हळूहळू फिरवत गेलो. कसंही फिरवलं तरी एका बाजूने फट. मधली उलटी केली, दुसरं टोक लावलं, पुन्हा फिरवायला लागलो. पाऊण फेरा झाला आणि खट्ट करून बसलं. मी कडेने नख घालून पाहिलं, नखसुद्धा जाईना. मग खालची नळी लावली. तीपण बसली. तीन मीटरची अखंड नळी देवीसमोर आडवी.

सर माझा खांदा धरून ओरडले, "जमनं रे भाऊ, बठ्ठं जमनं!" भाऊबंदांना सगळं जमलं म्हणजे काय जमलं ते काही कळलं नाही. पण कानबाईसमोर कोणीतरी आनंदाने ओरडलंय म्हटल्यावर डफवाल्याने डफावर थाप मारली आणि बाया गाणं म्हणायला लागल्या. बायकोने येऊन नळीला हळदीकुंकू लावलं. सर म्हणाले, "अक्का, वरच्या टोकाला लावा. म्हणजे कळेल." मग मी छिन्नी-हातोडी आणली आणि तिन्ही नळ्यांवर बाण ठोकून दिले. आता पुसून दाखवा म्हणावं.

पाऊस वाढला की घटला, हे मी सांगणार नाही. सर म्हणायचे, आधी नीट तपासून होऊ दे. पुढे त्यांचा लेख बाहेरदेशी छापून आला. भाचीने मला वाचून दाखवला. त्यात एक वाक्य असं की मधल्या नळीचे दोन्ही काप वेगवेगळ्या प्रमाणात तिरके असल्याने तिची दिशा निश्चित करता आली, आणि ही बाब खुद्द कारागिराने लक्षात आणून दिली. म्हणजे माझा वाकडा काप आता साता समुद्रापार माहीत झालाय. मेव्हण्याने ते पान लॅमिनेट करून पहूरच्या घरात लावलंय, जावयाच्या फोटोशेजारी.

सर निवृत्त होऊन साक्रीकडे गावी गेले. दर कानबाईला फोन येतो. मी विचारतो, "सर, यंदा पाऊस कसा?" ते विचारतात, "कोणतं यंदा?" मग अक्कांना फोन द्या म्हणतात.

जाण्याआधी सरांना सगळीकडे खुणा करायचा नाद लागला होता. मातीच्या डब्यांवर, खोक्यांवर, फ्रीजच्या दारावरसुद्धा मार्करने 'वर' लिहून बाण काढलेला. यंदा कानबाईच्या आधी बायको सोड्याचं फडकं घेऊन त्या दाराशी गेली. मी म्हटलं, "तेवढं राहू दे."

"मी कुठं पुसतेय?" ती म्हणाली. "दरवर्षी कडेकडेनेच पुसते मी."

बाण तसाच आहे. वाकडा आहे थोडा. सव्वा सूत, मी गुण्या लावून बघितलाय.